आफ्रिका कोण होणार

“आफ्रिका कोण होणार?” सिस्टर कार्मेलितांनी विचारलं, आणि सातवीचा सगळा वर्ग एका दमात मागे वळला.

आम्ही दोघी शेवटच्या बाकावर होतो. क्षणभर मला वाटलं, सगळ्या माझ्याकडेच बघताहेत. मी आपली वेणी पुढे घेतली, फ्रॉक सारखा केला. मग लक्षात आलं, नजरा माझ्या खांद्यावरून पलीकडे जाताहेत. पलीकडे नातालीन बसली होती. नातालीन बस्त्यांव सिद्दी.

“बरोबर,” सिस्टर हसून म्हणाल्या. “नातालीन, तूच गे बाळ. तुला काही रंगवायलासुद्धा नको.”

वर्ग हसला. मीही हसले. नातालीन उभी राहिली, कारण सिस्टरांनी नाव घेतलं की उभं राहायचं असा नियम होता. तिचा हात बाकाच्या कडेवर होता आणि त्या हाताची नखं लाकडात रुतली होती, एवढं मला शेजारी बसून दिसलं.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. नागरकोंडची सिस्टरांची मुलींची शाळा म्हणजे हल्याळच्या पलीकडे, अर्धं गाव आणि अर्धं जंगल अशा जागी. इमारत सिस्टरांची, शिस्त सिस्टरांची, पण शिकवणाऱ्या बायांचे पगार आणि खडू-फळे सरकारी ग्रँटवर. त्यामुळे दर फेब्रुवारीत शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब येत आणि त्यांच्या आधी पंधरा दिवस आमच्या अंगात यायचं. कुंपण रंगवा, नकाशे झटका, कार्यक्रम बसवा. माझे वडील तिथून वीस मैलांवर लाकडाच्या सरकारी डेपोत कारकून होते. तिकडे शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीला मला सिस्टरांच्या हॉस्टेलवर आणून टाकलं. ‘सिस्टरांकडे वळण लागतं’ असं आई म्हणायची. वळण किती लागलं ते तुम्ही ठरवा.

नातालीन त्याच वर्षी आली. यल्लापूरच्या बाजूच्या रानातल्या कुठल्याशा वाडीतून, फुकटच्या जागेवर. सिद्दी लोक तुम्ही पाहिले नसतील तर सांगते. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून इकडे आणले गेले, ते इथल्याच रानात रुजले. बोली आमच्यासारखीच कोकणी-मराठीची मिसळ, जेवण आमच्यासारखंच भात-आमटीचं. केस मात्र बारीक कुरळे आणि रंग काळाभोर. नातालीन नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून तिचं ते नाव. त्या वाडीतली सातवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी होती.

हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यात मी घरच्या आठवणीनं रोज रडायचे. रविवारी दुपारी बाकी मुली झोपायच्या आणि मी मागच्या फणसाखाली जाऊन हुंदके द्यायचे. एका रविवारी नातालीन तिथे आली. काही विचारलं नाही. बादली पालथी घातली, तिच्यावर तळहातानं ठेका धरला, मग उठून नाचायला लागली. कमरेतून वाकून, खांदे सैल सोडून, पावलं जमिनीवर अशी मारत की जणू माती दाबून बी पेरतेय. मी रडायची थांबले.

“हे काय गे?”

“माझी आजी नाचते असं. आमच्याकडे डमाम म्हणून ढोल असतो, तो वाजला की नाचते. म्हातारी आहे, एरवी तिला उठवत नाही.”

“मला शिकव की.”

तिनं शिकवलं. तीन-चार रविवार लागले. माझे पाय बरोबर पडायला लागले तेव्हा ती इतकी खूश झाली की तिनं माझे दोन्ही गाल ओढले. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “कुणाला दाखवू नको हं वेणू.”

“का?”

“आमचं आहे ते.”

मी आईची शपथ घेतली. त्या वयात शपथा फार स्वस्त असतात.

तर तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो, एका ताटलीतला शेंगदाणा-गूळ वाटून खाल्ला. मला गणित येत नव्हतं, ते ती शिकवायची. तिला कविता पाठ होत नसत, त्या मी घोकून घ्यायचे. सातवीची सरकारी परीक्षा पास झालो की धारवाडला सिस्टरांच्याच हायस्कूलला जायचं, एकाच खोलीत राहायचं, पुढे दोघींनी मास्तरीण व्हायचं, असं आम्ही ठरवलं होतं. माझ्यासाठी त्यात खिडकीजवळची खाट कुणी घ्यायची एवढाच प्रश्न शिल्लक होता. तिच्यासाठी मात्र सगळं त्या एका परीक्षेवर आणि सिस्टरांच्या मर्जीवर लटकलेलं होतं. फुकटची जागा कुठल्याही दिवशी जाऊ शकते, हे ती मला सांगायची आणि मी ‘काहीतरीच तुझं’ म्हणायचे.

आता ती आफ्रिका कुठून आली ते सांगते. सरकारी पुस्तकं आम्हाला सगळी होतीच. त्याशिवाय शनिवारी नीतीच्या तासाला एक निळ्या पुठ्ठ्याची पातळ चोपडी असे. कुठल्याशा परदेशी चोपडीवरून कुणी तरी ती मराठीत उतरवली होती. तिच्यात सहावा पाठ होता, ‘देवाची पाच लेकरे’. वर चित्र. मधोमध गोरं मूल, हातात दिवा. त्याच्या आजूबाजूला पिवळं, तांबडं, गव्हाळ. आणि खाली, गुडघ्यांवर, उघडं, काळं. महिन्यापूर्वी तो पाठ वर्गात वाचला गेला होता. बाकांच्या ओळीनं एकेकीनं एकेक परिच्छेद वाचायचा. हिशेब कुणी केला नव्हता, पण शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत नेमकी आफ्रिका आली.

नातालीन वर्गात सगळ्यात स्वच्छ वाचायची. एकही अडखळ नाही. “आफ्रिकेचे लेकरू काळोखात राहते. त्याला घर नाही, लाज नाही, प्रार्थना ठाऊक नाही. ते दिवसभर नाचते व झोपते. मग गोरा भाऊ समुद्र ओलांडून दिवा घेऊन आला. त्याने लेकराच्या बेड्या तोडल्या. लेकरू गुडघे टेकून म्हणाले, भावा, मला शिकव.”

वाचून झालं तरी ती बसली नाही.

“सिस्टर, बेड्या घातल्या कुणी?”

सिस्टरांनी चोपडी चाळली. “पाठात दिलंय काय ते?”

“नाही.”

“मग परीक्षेला येणार नाही. बस.” आणि मग तिचा चेहरा बघून जवळ आल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू कशाला मनावर घेतेस बाळ? तू थोडीच आफ्रिकेतली? तू आमची.”

सिस्टर कार्मेलिता वाईट नव्हत्या. नातालीनला ताप आला तेव्हा तीन रात्री त्या तिच्या उशाशी बसल्या होत्या. पण महिन्याभरापूर्वी ‘तू थोडीच आफ्रिकेतली’ म्हणणाऱ्या त्याच सिस्टरांनी आज साहेबांसाठी तोच पाठ नाटक म्हणून बसवायला घेतला, आणि नातालीनला सांगितलं, तुला रंगवायलासुद्धा नको.

मधल्या सुट्टीत आम्ही फणसाखाली गेलो. मला तर आनंदच झाला होता. मी भारत होणार होते. आईची अबोली रंगाची साडी, हातात कमळ, वाक्य एकच: ‘मी शांतीची भूमी.’

“बरं झालं गे,” मी म्हटलं. “आफ्रिकेला सगळ्यात जास्त काम आहे. आणि तुझा रंगाचा त्रास वाचला.”

नातालीननं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. माझ्या थट्टेला ती कधी रागावत नसे.

“मी गुडघे टेकणार नाही, वेणू.”

“अगं, नाटक आहे.”

“माझी आजी सांगते, आमचे वाडवडील गोव्याहून पळून आले. पळून. कुणी सोडलं नाही त्यांना. एक बाई होती, तिच्या पाठीवर मूल बांधलेलं, आणि तिनं...”

“बरं, बरं,” मी म्हटलं. “आधी सांग, सिस्टरना काय सांगणार?”

घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि मला सिस्टरांचीच काळजी लागली होती. त्या बाईनं काय केलं ते मी त्या दिवशी ऐकलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी नातालीन एकटीच सिस्टरांकडे गेली आणि सांगून आली. सिस्टर आधी हसल्या, मग समजावू लागल्या, मग त्यांचा आवाज वऱ्हांड्यापर्यंत ऐकू आला. फुकटच्या जागेवरच्या मुलींनी शाळेच्या कार्यक्रमात भाग घेतलाच पाहिजे, शाळेच्या मुख्य मदरांचा नियम आहे. साहेबांसमोर शाळेची शोभा झाली तर ग्रँट जाईल, ग्रँट गेली तर बायांचे पगार कुठून द्यायचे? ऐकायचं नसेल तर वडिलांना बोलावून घेते, घरी जा. नातालीन बाहेर आली.

“घरी पाठवतील,” ती म्हणाली.

धारवाड, खिडकी, खाट, सगळं गेलं. मी तशीच उठले आणि सिस्टरांच्या खोलीत घुसले.

“सिस्टर, मी होते आफ्रिका.”

“तू? तू भारत आहेस. तुझी साडी ठरली.”

“भारत व्हायला वर्गात अडतीस जणी आहेत, सिस्टर. आफ्रिका व्हायला कुणी तयार नाही. नातालीन पडदा ओढेल. म्हणजे तिचाही भाग झालाच की कार्यक्रमात.”

मदरांचा नियम मोडत नव्हता, साहेबांपुढे फजिती होत नव्हती, पोर घरी जात नव्हती. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

“नीट करायचं हं वेणू. साहेबांपुढे अर्धवट नको.”

मी धावत फणसाकडे आले. मोहीम फत्ते करून आल्यासारखी धापा टाकत सांगितलं, “सुटलीस तू! मी होणार आफ्रिका!”

मला वाटलं होतं, ती माझे गाल ओढेल. ओढले नाहीत.

“तू कशी होशील?”

“तव्याची काजळी खोबरेलात कालवून फासायची. केसांना काथ्या.”

“नको गे.”

“का? आता तुला घरी नाही पाठवणार.”

“नको म्हणते ना. कुणीच होऊ नको.”

“अगं, कुणीतरी व्हायलाच पाहिजे. पाठात आहे.”

तिला आनंद झालाय पण दाखवत नाही, असं मी स्वतःची समजूत घातली. मी तिच्यासाठी अबोली साडी सोडली होती. बारा वर्षांच्या मुलीला यापेक्षा मोठा त्याग माहीत नसतो.

तपासणीच्या शनिवारी सकाळपासून स्वयंपाकघरात माझी रंगरंगोटी सुरू झाली. मारियाना मावशी, आमची स्वयंपाकीण, काजळी खलवून देताना सारखी पुटपुटत होती. “चांगल्या घरची पोर तू. तोंडाला काळं फासून घेतेस, हे काय अवलक्षण गे!” तिला वाटत होतं ती माझी बाजू घेतेय. नातालीन मागच्या दारात पडद्याची दोरी वळत बसली होती. तिनं मान वर केली, मावशीकडे पाहिलं आणि पुन्हा दोरी वळायला लागली.

ओठांभोवती कुंकवाचा जाड लेप, डोक्यावर शाईत बुडवलेल्या काथ्याचा टोप, कमरेला फणसाच्या पानांचा घागरा, पायात गाईची साखळी. आरसा बघितला आणि मी किंचाळले. मग हसू लागले. मुली जमल्या, सगळ्या हसू लागल्या. एवढं लक्ष माझ्याकडे जन्मात कुणी दिलं नव्हतं, हे लपवून काय उपयोग?

दुपारी तीनला हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पुढच्या रांगेत साहेब, मदर, दोन बाया, गावचे चेअरमन. मागे सगळ्या मुली. पडदा म्हणजे दोन चादरी, आणि डाव्या बाजूला दोरी धरून नातालीन. मी विंगेतून तिच्याकडे हात हलवला. तिनं हलवला नाही.

युरोप झालेली मुलगी दिवा घेऊन भलत्याच बाजूला उभी राहिली. चीन वाक्य विसरला. भारत झालेल्या सुमित्रानं कमळ उलटं धरलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मी पाहिलं त्यांना पाहताना. मग सिस्टरांनी मागून वाचलं, “आफ्रिकेचे लेकरू काळोखात राहते. ते दिवसभर नाचते...” आणि मी साखळी वाजवत आत गेले.

हशा पिकला. काथ्याच्या केसांनाच निम्मा हशा. तालमीत मी नुसत्या उड्या मारत असे, तशा मारल्या. हशा ओसरला. साहेबांचा हात पुन्हा मनगटाकडे गेला. आता सांगते ते सगळ्यात अवघड आहे. पायांनी आपोआप केलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला तो हशा परत हवा होता, आणि तो कशानं येईल ते मला ठाऊक होतं.

मी कमरेतून वाकले. खांदे सैल सोडले. पावलं जमिनीवर मारली.

तिच्या आजीचा नाच मी नाचले, तोंड वेंगाडून, जीभ बाहेर काढून. हॉल कोसळला. मुली बाकांवर थपडा मारत होत्या, साहेब मांडीवर ठेका धरून हसत होते. मदरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी आणखी वाकले, आणखी जोरात मारले पाय. मग युरोपनं येऊन साखळी काढली, मी गुडघे टेकले, म्हटलं, “भावा, मला शिकव,” आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पडदा पडायला हवा होता. पडला नाही. सिस्टरांनी दोनदा हाक मारली. मग नातालीन दोरी ओढत पुढे आली, चादर अडकली होती ती सोडवायला, आणि साहेबांना दिसली.

“अरे!” साहेब म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. माणूस खुशीत होता. “ही खरीखुरी तुमच्याकडे असताना त्या पोरीला कशाला हो काळं केलंत, सिस्टर?”

पुन्हा हशा. सिस्टर हसल्या, जरा ओशाळून. मी गुडघ्यांवरच होते, आणि मीही हसले. नातालीननं अडकलेली चादर सोडवली, दोरी ओढली आणि पडदा नीट मिटला.

कार्यक्रम संपल्यावर साहेबांनी शेऱ्यात ‘विश्वबंधुत्वाचा उत्तम पाठ’ असं लिहिल्याचं सिस्टरांनी येऊन सांगितलं. मला एक पेन बक्षीस मिळालं.

काजळी मात्र निघेना. तेलात कालवलेली, ती पाण्याला कुठली दाद देणार! मी विहिरीच्या दगडावर बसून तोंड घासत होते आणि काळं नुसतं पसरत होतं. नातालीन आली. तिच्या हातात कपड्याच्या साबणाचा तुकडा आणि काथ्या होता. माझ्यासमोर उकिडवी बसली, माझी हनुवटी एका हातात धरली आणि घासायला लागली.

“रागावलीस काय गे?”

“डोळे मीट. साबण जाईल.”

“तुझ्यासाठीच केलं मी.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

ती कपाळ घासत होती, मग कानामागे, मग मानेवर. हळू, जपून, आई घासते तशी. एकदाही तिचं नख लागलं नाही. तीन बादल्या पाणी तिनं एकटीनं शेंदलं. तिच्या मनगटावरून माझं काळं पाणी ओघळत होतं आणि तिच्या हातावर ते दिसतही नव्हतं. आज बासष्टाव्या वर्षी मला कुणी विचारलं की तुझ्यावर सगळ्यात जास्त माया कुणी केली, तर मला तीच दुपार आठवते.

शेवटी तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं माझं तोंड पुसलं आणि जरा मागे होऊन पाहिलं.

“निघालं बघ तुझं.”

“सगळं?”

“सगळं.”

मी बादलीत वाकून पाहिलं. खरंच, पहिल्यासारखी झाले होते. मी आनंदानं म्हटलं, “बघ, मी म्हटलं नव्हतं, काही होत नाही!” ती बादली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सेच्या प्रार्थनेला, महिन्यातून एकदा येत तसे, तिचे वडील आले होते, बस्त्यांव, उंच, हातात टोपी धरलेले. चर्चमधून आम्ही परतलो तेव्हा नातालीनची पत्र्याची पेटी वऱ्हांड्यात आणलेली होती.

“अहो, परीक्षा दीड महिन्यावर आली,” सिस्टर त्यांना सांगत होत्या. “कुणी जा म्हटलंय तिला? मी रागात बोलले असेन. हुशार मुलगी आहे. पहिली येईल.”

“पोर म्हणते, घरी जायचं,” बस्त्यांव म्हणाले. “मी काय सांगू, सिस्टर? कधी काही मागितलं नाही तिनं.”

सिस्टर नातालीनकडे वळल्या. “काय झालं ते तरी सांग बाळ. कुणी काही बोललं तुला?”

“नाही, सिस्टर.”

आणि ते खरं होतं. तिला कुणीच काही बोललं नव्हतं.

मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावत गेले. पेटी वडिलांच्या डोक्यावर होती. मी नातालीनचा हात धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि रडत, ओरडत सगळं बोलले. की मी एवढं केलं तुझ्यासाठी. की धारवाडला मी एकटी काय करू. की पंधरा दिवसांनी परत ये, निदान परीक्षेपुरती ये, फॉर्म भरलाय तुझा, नंबर आलाय.

तिनं माझा हात सोडवला. ओढून नाही, एकेक बोट उलगडून.

“तूच बस की,” ती म्हणाली. “माझ्या जागी उभं राहता येतं तुला. परीक्षेलाही बस.”

आणि वडिलांच्या मागून रानाच्या रस्त्याला लागली. मी हाका मारत राहिले. सिद्दी माणसं झपझप चालतात. वळणाआड जायला त्यांना वेळ लागला नाही.

मी पत्रं लिहिली. वाडीचं नाव मला नीट ठाऊक नव्हतं, म्हणून ‘नातालीन बस्त्यांव सिद्दी, यल्लापूरजवळचे रान’ असा पत्ता घातला. एक सिस्टरांनीच परत आणून दिलं. दीड महिना मी रोज त्या वळणाकडे बघत होते. ती येईल, परीक्षेच्या आदल्या दिवशी तरी येईल. इतकी वाट मी पुढे आयुष्यात कुणाची पाहिली नाही, नवऱ्याचीसुद्धा नाही.

परीक्षा हल्याळच्या केंद्रावर होती. नंबर ओळीनं, त्यामुळे माझ्या शेजारच्याच बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला होता. पहिला पेपर मराठीचा. घंटा झाली, बाक रिकामाच राहिला. मी माझा पेपर सोडवला. चांगला सोडवला. संपला तेव्हा अर्धा तास उरला होता, आणि मला तिचं बोलणं आठवलं. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, ती खरंच सांगून गेली आहे.

मी पुरवणी मागून घेतली. वर माझ्या नंबराऐवजी तिचा नंबर घातला. तिच्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं: नातालीन बस्त्यांव सिद्दी. निबंधाचा विषय होता, ‘माझे गाव’. तो तरी तिच्या नावानं लिहू, नापास तरी नको व्हायला, असं मी ठरवलं. कसल्याही विषयावर पानं भरणारी मुलगी मी, पुढे बत्तीस वर्षं मुलींना निबंध शिकवले. मी लिहिलं, ‘माझे गाव रानात आहे.’ आणि पेन थांबलं.

गावाचं नाव काय? घरं किती? विहीर आहे की ओढा? तिच्या आईचं नाव काय, भावंडं किती? पाठीवर मूल बांधून पळालेल्या त्या बाईनं पुढे काय केलं? तीन वर्षं एका बाकावर बसून मी एकदाही विचारलं नव्हतं. तिनं सांगायला घेतलं तेव्हा मला घंटेची घाई होती. अर्धा तास मी त्या एका ओळीकडे बघत बसले. तिच्या गावातली मला नीट माहीत असलेली गोष्ट एकच होती, तिची म्हातारी आजी कशी नाचते ती, आणि ती मी साहेबांना दाखवून संपवली होती.

घंटा झाली. पर्यवेक्षक बाई कागद गोळा करत आल्या. त्यांनी माझा पेपर घेतला, मग ती पुरवणी उचलली, नाव वाचलं, रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

“ही कोण? तुझी मैत्रीण काय?”

मला हो म्हणता आलं नाही.